फिल्टरला स्पंज लावूनही श्रिम्पची पिल्ले नाहीशी होतात : कारणांचा शोध आणि उपाय

घरच्या मत्स्यटाकीत पाळल्या जाणाऱ्या चेरी श्रिम्प या गोड्या पाण्यातील इवल्या कोळंबीची मादी पोटाखाली अंडी घेऊन फिरताना दिसते, तीन-चार आठवड्यांनी ती मोकळी होते, पुढचे काही दिवस मॉसवर, लाकडाच्या खालच्या बाजूला, काचेच्या कोपऱ्यांत बारीक पिल्ले दिसू लागतात आणि मग त्यांची संख्या रोज घटत जाऊन महिनाभरात जेमतेम दोन-चार उरतात, ही तक्रार श्रिम्प पाळणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा ऐकू येते. तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी फिल्टरच्या तोंडाला स्पंज किंवा जाळी आधीच बसवलेली असते, त्यामुळे दोष फिल्टरचा नसणार असे धरून ते पाणी, खाणे आणि तापमान यांच्या मागे लागतात. काहींच्या टाकीत हा प्रकार स्पंज बसवल्यावर थांबतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा सुरू होतो. त्याच टाकीत चिली रास्बोरा, हनी गुरामी, स्कार्लेट बॅडिस किंवा लांब परांचा बेटा असे नाजूक मासे असतील, तर जोडीला पर फाटणे, एखादा मासा जाळीला चिकटलेला सापडणे, मासे दिवसभर एकाच कोपऱ्यात दडून राहणे याही गोष्टी घडतात.

या सगळ्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. आपण छिद्र किती बारीक आहे याकडे नको इतके लक्ष देतो आणि पाणी किती मोठ्या पृष्ठभागातून आत शिरते, म्हणजेच त्या पृष्ठभागाशी पाण्याची ओढ किती आहे, याकडे फारच थोडे पाहतो. त्याखेरीज स्पंजाला वळसा घालून पाणी ज्या फटींतून आत जाते त्या फटी शोधण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात. खालील विवेचन मुख्यतः ४० ते १०० लिटरच्या घरगुती टाकीला धरून केले आहे.

आधी पिल्ले कुठे जातात ते ठरवावे

फिल्टरमध्ये काहीही बदल करण्यापूर्वी तो उघडून पाहणे आवश्यक आहे. फिल्टर बंद करावा, त्यातील पाणी आणि गाळ पांढऱ्या रंगाच्या उथळ ट्रेमध्ये ओतावा, गाळ बसू द्यावा आणि टॉर्चचा प्रकाश बाजूने, जवळजवळ आडवा टाकून पाहावे. नवजात चेरी श्रिम्प सुमारे २ मिलिमीटर लांब असते आणि जवळजवळ पारदर्शक असते, त्यामुळे वरून टाकलेल्या प्रकाशात ती दिसत नाही; आडव्या प्रकाशात मात्र तिचे दोन काळे ठिपक्यांसारखे डोळे आणि ट्रेच्या तळावर पडलेली सावली लगेच लक्षात येते. ट्रेमध्ये जिवंत पिल्ले सापडली, तर ती स्पंजातून किंवा फटीतून आत गेली आहेत हे सिद्ध झाले. काहीच सापडले नाही, तर मात्र फिल्टर निर्दोष आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये, कारण येथे फिल्टरची रचना महत्त्वाची ठरते.

बहुतेक कॅनिस्टरमध्ये, म्हणजे नळ्यांनी टाकीला जोडलेल्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये, पाणी आधी स्पंज, सिरॅमिक रिंग वगैरे माध्यमांतून जाते आणि पंखा, म्हणजे इम्पेलर, सर्वांत शेवटी असतो. त्यामुळे आत ओढली गेलेली पिल्ले माध्यमात अडकून तेथेच वाढतात आणि कित्येक महिन्यांनी कॅनिस्टर उघडल्यावर आत पूर्ण वाढलेल्या श्रिम्पचे कुटुंबच सापडते. टाकीच्या मागे टांगायच्या हँग-ऑन फिल्टरची गोष्ट उलट असते. त्यात पंखा बहुधा शोषनळीच्या तळाशी, माध्यमाच्या आधी असतो, त्यामुळे आत गेलेले प्रत्येक पिल्लू प्रथम पंख्यातून जाते आणि त्यातील जी वाचत नाहीत त्यांचा मागमूसही उरत नाही. म्हणून हँग-ऑन फिल्टर वापरणाऱ्याला ट्रेमध्ये काही सापडले नाही, तरी त्याने खालील सर्व तपासण्या कराव्यात असे मी आग्रहाने सांगेन.

फिल्टरशी संबंध नसलेल्या कारणांचाही येथेच निकाल लावून टाकावा. मेलेली पिल्ले अखंड, पांढुरकी किंवा गुलाबी पडलेली तळाशी दिसत असतील, तर कारण पाण्यात आहे. फिल्टरने ओढलेली पिल्ले अशी मागे राहत नाहीत. टाकीत अमानो श्रिम्प या दुसऱ्या जातीचे श्रिम्प असतील आणि त्यांची पिल्ले जगत नसतील, तर त्याचा फिल्टरशी काही संबंध नाही, कारण अमानो श्रिम्पच्या अळ्यांना वाढीसाठी मचूळ, खारट पाणी लागते आणि गोड्या पाण्यात त्या काही दिवसांतच मरतात. स्कार्लेट बॅडिस हा ईशान्य भारत आणि उत्तर बंगालमधील जेमतेम दोन सेंटिमीटरचा देखणा मासा पूर्णपणे शिकारी आहे. हलणारे बारीक जीव हेच त्याचे अन्न असल्यामुळे त्याच्या टाकीत बहुतेक पिल्ले खाल्ली जाणार हे गृहीत धरावे. बेटा आणि हनी गुरामी यांच्याबाबतही थोड्याफार फरकाने तेच म्हणता येईल. संशय राहिलाच, तर अंडी असलेली एखादी मादी फक्त स्पंज फिल्टर (पंख्याऐवजी हवेच्या बुडबुड्यांवर चालणारा फिल्टर) असलेल्या वेगळ्या टबमध्ये ठेवावी, मात्र टबात टाकीतलेच पाणी वापरावे. तेथे पिल्ले टिकली आणि मुख्य टाकीत टिकली नाहीत, तर पाणी निर्दोष ठरते आणि संशय फिल्टर किंवा मासे या दोघांपुरता उरतो.

छिद्रापेक्षा ओढ महत्त्वाची

फिल्टरपासून होणारी हानी दोन प्रकारची असते : बारीक जीव जाळीतून आत ओढला जाणे आणि त्याहून मोठा जीव जाळीवर दाबला जाऊन तेथेच अडकणे. समुद्राचे किंवा नदीचे पाणी थंडाव्यासाठी वापरणाऱ्या मोठ्या वीजप्रकल्पांना हाच प्रश्न भेडसावतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१४ मध्ये केलेल्या नियमांत दुसऱ्या प्रकारची हानी टाळण्याचा एक मान्य मार्ग म्हणून जाळीतून पाणी शिरण्याचा वेग सेकंदाला अर्धा फूट, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर, या मर्यादेत ठेवण्याची तरतूद आहे. हा आकडा नदी-समुद्रातील पोहणाऱ्या माशांसाठी आहे. २ मिलिमीटरच्या पिल्लाच्या दृष्टीने तो अतिशय मोठा आहे. तरीही विचाराची पद्धत तीच वापरता येते, कारण वेग म्हणजे प्रवाह भागिले क्षेत्रफळ.

ताशी ४०० लिटर पाणी फिरवणारा लहान पंप सेकंदाला सुमारे १११ घनसेंटिमीटर पाणी ओढतो. त्याच्या शोषनळीच्या टोकाला प्रत्येकी २ सेंटिमीटर लांब आणि २ मिलिमीटर रुंद अशा दहा खाचा आहेत असे धरले, तर उघडे क्षेत्रफळ अवघे ४ चौरस सेंटिमीटर भरते आणि खाचेतील पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे २८ सेंटिमीटर होतो. याच टोकावर ६ सेंटिमीटर व्यासाचा आणि १० सेंटिमीटर उंचीचा गोल स्पंज चढवला, तर त्याच्या बाजूचे क्षेत्रफळ सुमारे १८८ चौरस सेंटिमीटर होते आणि वेग सेकंदाला ०.६ सेंटिमीटरवर येतो. पंप तोच, प्रवाह तोच, पण ओढ सत्तेचाळीस पटींनी कमी झाली. खाचांवर नुसती बारीक जाळी ताणून बसवली, तर यातले काहीही घडत नाही. उलट तारांनी जागा अडवल्यामुळे उरलेल्या छिद्रांतील वेग वाढतो, पिल्लू आत जाण्याऐवजी जाळीवर चिकटून मरते आणि आपल्याला मात्र जाळी काम करते आहे असे वाटत राहते.

ओढ तपासण्याचा सोपा मार्ग असा आहे. शिवणकामाच्या सुती दोऱ्याचा पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा ओला करून चिमट्याने धरावा आणि त्याचे मोकळे टोक स्पंजाच्या पृष्ठभागापासून अर्ध्या सेंटिमीटरवर न्यावे. दोरा सैल लोंबकळत राहून जरासा स्पंजाकडे कलला, तर ओढ योग्य आहे. दोरा ताठ होऊन स्पंजाला चिकटला आणि हात मागे घेतल्यावर चटकन सुटला नाही, तर त्या जागी पिल्लूही सुटणार नाही. हा दोरा स्पंजाच्या सर्व बाजूंनी, वरच्या टोकाशी, तळाशी आणि फिल्टरच्या प्रत्येक जोडापाशी फिरवावा. फटी नेमक्या कुठे आहेत हे या एका तपासणीत जितके स्पष्ट कळते तितके नुसत्या पाहण्याने कळत नाही.

पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा प्रत्यक्ष प्रवाहाहून बहुधा जास्त असतो, म्हणून एक लिटरचा मग फिल्टरच्या बाहेर पडणाऱ्या धारेखाली धरून तो किती सेकंदांत भरतो ते मोजावे आणि ३६०० ला त्या सेकंदांनी भागावे. मग नऊ सेकंदांत भरला, तर प्रवाह ताशी ४०० लिटर आहे. स्पंज नवा किंवा नुकताच धुतलेला असताना आलेला हा आकडा टाकीच्या कडेला चिकटपट्टीवर लिहून ठेवावा. त्याचा उपयोग पुढे आहे.

स्पंज आहे, तरीही

दुकानात मिळणाऱ्या फिल्टर-फोमवर त्याचा बारीकपणा क्वचितच लिहिलेला असतो. तो पीपीआय या एककात, म्हणजे एका इंचातील छिद्रांच्या संख्येत सांगतात. २० पीपीआयच्या फोमचे एक छिद्र सरासरी सव्वा मिलिमीटरच्या आसपास, ३० पीपीआयचे ०.८५ मिलिमीटर आणि ४५ पीपीआयचे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठे येते. फोमवर पट्टी ठेवून मोबाईलने जवळून फोटो काढावा, तो मोठा करावा आणि एका सेंटिमीटरमधील छिद्रे मोजावीत. आठच्या आसपास आली तर फोम २० पीपीआयचा आणि बाराच्या आसपास आली तर ३० पीपीआयचा आहे. पंपाच्या तोंडावर बसवण्यासाठी मी ३० पीपीआयला पसंती देतो. ४५ पीपीआयचा फोम पिल्लांना अधिक चांगला अडवतो हे खरे, परंतु तो इतक्या लवकर तुंबतो की बहुतेक घरांत त्याची वेळेवर निगा राहत नाही आणि तुंबलेला बारीक स्पंज हा स्वच्छ जाड स्पंजापेक्षा अधिक घातक असतो.

याचे कारण वरील हिशेबातच आहे. स्पंजाचा तीन-चतुर्थांश भाग गाळाने बुजला आणि पंपाचा प्रवाह फारसा कमी झाला नाही, तर उरलेल्या पाव भागातील ओढ जवळजवळ चौपट होते. त्यापुढे पाणी सर्वांत कमी विरोधाची वाट शोधते आणि ती वाट म्हणजे स्पंज आणि नळी यांच्यामधली फट, फिल्टरच्या झाकणाचा सैल जोड किंवा एखादी विसरलेली खाच असते. स्पंज बसवल्यावर थांबलेली पिल्लांची गळती काही आठवड्यांनी पुन्हा सुरू होते ती यामुळे. मगने मोजलेला प्रवाह लिहून ठेवलेल्या आकड्याच्या तीन-चतुर्थांशावर आला की स्पंज धुवावा. ठरावीक वाराला धुण्यापेक्षा ही खूण जास्त भरवशाची आहे, कारण टाकीत खाणे किती पडते आणि वनस्पतींची पाने किती कुजतात यावर तुंबण्याचा वेग ठरतो.

फटींपैकी सर्वांत मोठा दोष स्पंजाच्या भोकात आढळतो. तयार मिळणाऱ्या स्पंजाचे भोक नळीपेक्षा मोठे असेल, तर नळीभोवती कडेने पोकळी राहते आणि पिल्लू वरून चालत चालत तिच्यात उतरते. १२ मिलिमीटरच्या नळीसाठी भोक ८ मिलिमीटरच्या आसपास असावे, म्हणजे स्पंज नळीला घट्ट आवळून बसतो. स्वतः भोक पाडायचे असेल, तर ओला फोम फ्रीजरमध्ये कडक गोठवून मग ड्रिल चालवावे, म्हणजे तो फाटत किंवा मुरगळत नाही. भोक आरपार जाऊ देऊ नये. तळाशी किमान २ सेंटिमीटर फोम शिल्लक राहावा. नळीच्या टोकाची मूळची खाचांची टोपी काढून टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. टोपी असली की ओढ स्पंजाच्या उंचीभर वाटली जाते. ती नसली की सगळी ओढ नळीच्या एका तोंडाशी एकवटते आणि मऊ स्पंज आत खेचला जातो. मात्र टोपीची एकही खाच स्पंजाच्या वर उघडी राहत नाही ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

काही हँग-ऑन आणि अंतर्गत (टाकीच्या पाण्यातच बसवायच्या) फिल्टरांना पृष्ठभागावरील तवंग ओढण्यासाठी वेगळे तोंड असते. खाली कितीही उत्तम स्पंज बसवला, तरी हे तोंड उघडे असेपर्यंत पिल्ले आणि तरंगत्या वनस्पतींच्या मुळांत वावरणारे चिली रास्बोरा दोघेही धोक्यात असतात. ते बंद करता येत असेल तर बंद करावे, नसेल तर त्यात फोमचा तुकडा कोंबावा. अंतर्गत फिल्टरच्या प्लॅस्टिकच्या डब्याला मागच्या बाजूनेही खाचा असतात आणि त्या काचेकडे तोंड करून असल्यामुळे दिसत नाहीत. अशा फिल्टरचा डबा पूर्ण काढून पंपाच्या तोंडावरच मोठा, जाड फोम चढवणे मला अधिक योग्य वाटते. हँग-ऑन फिल्टरमध्ये टाकीतील पाण्याची पातळी धबधब्याच्या ओठापर्यंत भरलेली असेल, तर श्रिम्प त्या ओठावरून चढून उलट बाजूने आत जातात. पातळी तीन-चार सेंटिमीटर खाली ठेवल्याने हे पुष्कळ कमी होते.

जाळीच वापरायची असेल, तर ती अखंड स्टेनलेस स्टीलची आणि छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असलेली घ्यावी, आणि ती नळीवर न ताणता नळीभोवती मोठ्या व्यासाचा पिंजरा करून बसवावी, म्हणजे क्षेत्रफळ वाढते. चाळणीच्या मापात ३० क्रमांकाचे छिद्र ०.६ मिलिमीटर आणि ४० क्रमांकाचे सुमारे ०.४२ मिलिमीटर असते. पितळेची, तांब्याची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली जाळी श्रिम्पच्या टाकीत कधीही घालू नये, कारण तांबे आणि जस्त हे दोन्ही धातू कवचधारी जीवांना अत्यल्प प्रमाणातही विषारी ठरतात. मच्छरदाणीचे कापड बारीक पिल्लांसाठी फारच विरळ असते आणि नायलॉनचा पायमोजा पिल्लांना अडवतो खरा, पण फार लवकर तुंबतो. भांडी घासण्याचा स्पंज किंवा गादीचा फोम वापरू नये. पहिल्यात जंतुनाशक द्रव्ये असू शकतात आणि दुसऱ्यातून पाणी नीट आरपार जात नाही.

धुताना मरणारी पिल्ले

या मुद्द्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि माझ्या मते पिल्लांच्या हानीचे हे एक मोठे कारण आहे. स्पंजावर जिवाणूंचा, शेवाळाचा आणि सूक्ष्म जीवांचा जो पातळ थर चढतो तेच पिल्लांचे उत्तम खाद्य असते, त्यामुळे पिल्ले मुद्दाम स्पंजावर येऊन दिवसचे दिवस चरत राहतात. स्पंज सरळ उपसून बादलीत पिळला की त्याच्यावरची आणि बाहेरच्या छिद्रांत शिरलेली पिल्ले पिळण्याने चिरडली जातात आणि उरलेली गढूळ पाण्याबरोबर मोरीत जातात.

धुण्यापूर्वी पंप बंद करून काही मिनिटे थांबावे आणि स्पंज जागच्या जागी हलकेच हलवावा, म्हणजे बहुतेक श्रिम्प स्वतःहून उतरतात. नंतर स्पंजाच्या खाली प्लॅस्टिकचा डबा किंवा पिशवी सरकवून तो तिच्यासकट बाहेर काढावा, म्हणजे गाळ टाकीत पसरत नाही. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत स्पंज आधी पाण्याखाली पुढे-मागे फिरवून घ्यावा आणि मगच हलक्या हाताने दाबावा. ते पाणी लगेच ओतून देऊ नये. अर्धा तास स्थिर ठेवले की गाळ खाली बसतो आणि पिल्ले बादलीच्या कडेला चढू लागतात. टॉर्च लावून ती ड्रॉपरने किंवा सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजला मऊ नळी जोडून उचलावीत आणि परत टाकीत सोडावीत. सिरिंजचा दट्ट्या सावकाश ओढावा.

स्पंज थेट नळाखाली धुऊ नये. पालिकेच्या पाण्यातील क्लोरीन अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना मारते, आणि पावसाळ्यात पाणी गढूळ असताना क्लोरीनची मात्रा वाढवली जात असल्यास हानी अधिक होते. अशा धुण्यानंतर दोन-तीन दिवसांत पाण्यातील अमोनिया आणि नायट्राइट वाढतात, पिल्ले मरतात आणि दोष पुन्हा पाण्याला किंवा खाण्याला दिला जातो. स्पंज दोन असतील तर ते आळीपाळीने धुवावेत. जुना स्पंज बदलायचा असेल, तर नवा स्पंज चार ते सहा आठवडे जुन्याच्या बरोबरीने टाकीत चालू द्यावा आणि मगच जुना काढावा.

नाजूक माशांसाठी बाहेर पडणारी धार

मासा जाळीला चिकटून मेलेला सापडला, तर जाळीनेच त्याला मारले असे लगेच ठरवू नये. निरोगी प्रौढ मासा साध्या घरगुती फिल्टरच्या ओढीतून सहज सुटतो; चिकटलेला मासा बहुतेक वेळा आधीच आजारी, अशक्त किंवा मेलेला असतो. याला अपवाद लांब परांच्या बेटाचा, ज्याचे पर खाचेत ओढले जाऊन फाटतात, आणि माशांच्या नवजात पिल्लांचा. त्यांना वरील मोठ्या स्पंजाचा उपाय पुरेसा ठरतो.

प्रौढ नाजूक माशांना खरा त्रास होतो तो बाहेर पडणाऱ्या धारेचा. हनी गुरामी, बेटा, स्कार्लेट बॅडिस आणि बोर्निओतील दलदलींमधून येणारा चिली रास्बोरा हे सर्व संथ पाण्याचे मासे आहेत. सतत प्रवाहाविरुद्ध पोहावे लागले की ते थकतात, खाणे त्यांच्यासमोरून वाहून जाते आणि गुरामीने पृष्ठभागावर रचलेले बुडबुड्यांचे घरटे तर काही मिनिटांत विस्कटते. पाणी सोडणाऱ्या नळीला छिद्रांची आडवी पट्टी, म्हणजे स्प्रे बार, लावून तिचे तोंड मागच्या काचेकडे वळवावे. हँग-ऑन फिल्टरच्या धबधब्याखाली फोमचा जाड तुकडा अडकवावा. कॅनिस्टरचा प्रवाह कमी करायचा असेल, तर तो नेहमी बाहेर जाणाऱ्या नळीवरील तोटीने करावा. आत येणाऱ्या नळीची तोटी आवळल्यास पंप उपाशी राहतो, त्यात हवा साठते, तो आवाज करू लागतो आणि पंख्याची झीज होते.

प्रवाह कमी करताना एका गोष्टीचे भान ठेवणे फार गरजेचे आहे. बेटा आणि गुरामी पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतात, त्यामुळे पाणी पूर्ण स्थिर झाले तरी ते तग धरतात. श्रिम्पना ती सोय नाही. २० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना तो ७.५ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे पाणी सहज ३० अंशांच्या वर जाते. त्या दिवसांत पृष्ठभाग हलता ठेवणे अपरिहार्य असते, आणि मासे सुखावतील म्हणून केलेली स्थिरता श्रिम्पच्या जिवावर बेतू शकते.

मुळातूनच पंखा टाळावा

नवी टाकी लावणाऱ्याने, किंवा वरील सर्व करूनही ज्याची गळती थांबत नाही त्याने, पंख्याचा फिल्टर सोडून हवेवर चालणारा स्पंज फिल्टर वापरावा असे माझे स्पष्ट मत आहे. यात एअर पंपाची हवा उभ्या नळीत तळाशी सोडली जाते, बुडबुडे वर चढताना पाणी बरोबर घेऊन जातात आणि त्याची जागा भरून काढण्यासाठी पाणी स्पंजातून सावकाश आत येते. पिल्लू आत गेलेच, तरी फिरणारे पाते त्याच्या वाटेत कुठेच नसते. उभ्या नळीत साध्या नळीच्या टोकाऐवजी लहान एअर स्टोन, म्हणजे सच्छिद्र दगड, बसवल्यास बुडबुडे बारीक होतात, आवाज कमी होतो आणि पाणी जास्त उचलले जाते. नळीचे वरचे तोंड पाण्याच्या पातळीलगत ठेवावे. ते पातळीच्या वर जितके काढावे तितके पाणी कमी उचलले जाते.

याच तत्त्वाचे मोठे रूप म्हणजे जर्मनीतील हौशी मंडळींनी रूढ केलेला हॅम्बुर्ग मॅटनफिल्टर. यात टाकीच्या एका टोकाला फोमची पूर्ण उंचीची भिंत उभी करतात आणि भिंतीमागचे पाणी हवेच्या नळीने पुढे सोडतात. फोममधून पाणी मिनिटाला ५ ते १० सेंटिमीटर या वेगाने जावे असा त्याचा रूढ दंडक आहे. ३० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर पाण्याची खोली असलेल्या टाकीत भिंतीचे क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर होते. ताशी ३०० लिटर पाणी फिरवले तरी वेग मिनिटाला साडेपाच सेंटिमीटर इतकाच भरतो. वर हिशेब केलेल्या गोल स्पंजाचा वेग मिनिटाला सुमारे ३५ सेंटिमीटर येतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही भिंत महिनोन् महिने न धुता का चालते हे उमगते.

भिंतीसाठी ५ सेंटिमीटर जाडीचा २० ते ३० पीपीआयचा फोम घ्यावा. तो धरून ठेवायला वायरिंगच्या कामात वापरतात ती पीव्हीसीची केसिंग पट्टी उत्तम चालते. ती दोन्ही काचांना बुरशीरोधक द्रव्य नसलेल्या सिलिकॉनने चिकटवावी आणि सिलिकॉन पूर्ण वाळल्यावरच पाणी भरावे. फोम मोजमापापेक्षा अर्धा ते एक सेंटिमीटर मोठा कापावा, म्हणजे तो दाबून बसतो आणि कडेला फट राहत नाही. थोडे श्रिम्प तरीही भिंतीमागे जातात. तेथे हवेची नळी असेल तर ते सुखाने राहतात आणि वाढतात, त्यामुळे त्यांना बाहेर काढण्याची घाई करण्याचे कारण नाही. भिंतीमागे पंख्याचा पंप ठेवला असेल तर मात्र त्याच्या तोंडालाही वेगळा स्पंज बसवावा लागतो.

वीज जाते तेव्हा

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा. तो खाली ठेवलेला असेल आणि वीज गेली, तर नळीतून पाणी उलट वाहून पंपात आणि तेथून जमिनीवर येऊ शकते. जागेअभावी खालीच ठेवावा लागत असेल, तर नळीत चेक व्हॉल्व्ह बसवावा आणि बसवण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी फुंकून तो एकाच दिशेने हवा सोडतो ना, हे पाहावे. तास-दोन तासांहून जास्त लोडशेडिंग असलेल्या गावांत बॅटरीवर किंवा पॉवर बँकेवर चालणारा लहान एअर पंप जवळ बाळगणे श्रेयस्कर आहे.

स्पंज फिल्टर टाकीच्या पाण्यातच उघडा असल्यामुळे वीज नसतानाही त्यातील जिवाणूंना थोडाफार प्राणवायू मिळत राहतो. कॅनिस्टर हा बंद डबा असतो; आतील जिवाणू काही तासांतच त्यातला प्राणवायू संपवतात आणि नंतर तेथील पाणी कुजू लागते. वीज आल्यावर कॅनिस्टर आपोआप सुरू झाला, तर ते पाणी सरळ टाकीत येते आणि त्याचा पहिला फटका श्रिम्पना बसतो. म्हणून वीज बराच वेळ गेली असेल, तर कॅनिस्टरचे बटण आधीच बंद करून ठेवावे, वीज आल्यावर त्यातील माध्यम टाकीच्या पाण्यात विसळून घ्यावे आणि तो पुन्हा सुरू करताना बाहेर येणारे पहिले पाणी टाकीत न सोडता बादलीत घेऊन ओतून द्यावे.